दादाचा घडीचा चाकू

"साहेब, चाकू घेताय का जावई शोधताय?" गुगळे शेठनं शेवटी विचारलंच.

त्याच्या शेती-अवजारांच्या दुकानात आम्ही तिघं होतो. मी, माझी थोरली बहीण अक्का, आणि आम्हा दोघींच्या मधला भाऊ भानुदास. मी त्याला दादा म्हणते. दादाला शेठच्या बोलण्याचा राग आला नाही, उलट तो खूश झाला. आपण चोखंदळ आहोत हे समोरच्याला कळलं की त्याला बरं वाटतं, मग समोरच्यानं ते कसंही सांगितलेलं असो.

"जावयाला नाव ठेवता येतं शेठ," दादा म्हणाला, "चाकू चुकीचा घेतला तर आपल्यालाच नाव ठेवतात."

असले विनोद तो विमा कंपनीत करायचा. हाताखालची माणसं हसायची, म्हणून त्याला वाटायचं सगळं जगच हसतंय.

आम्ही सासवडला खरं तर चाकू घ्यायला आलोच नव्हतो. आलो होतो हक्कसोड करायला. बापूंना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या मागे अंजिराची बाग उरली होती, विहिरीसकट, आणि सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली होती. आम्ही दोघी बहिणींनी आपापला हिस्सा सोडायचा आणि बाग दादाच्या एकट्याच्या नावावर करायची असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे दादानं ठरवलं होतं आणि आम्ही माना हलवल्या होत्या. आमच्याकडं बहिणी तेच करतात. भाऊ साडीचोळी करतो, बहीण सही करते, आणि माहेरचा उंबरा शाबूत राहतो. मीही सही करायलाच निघाले होते. माझ्या पोटात काही काळंबेरं नव्हतं, हे आधीच सांगते, कारण नंतर गावानं माझ्याबद्दल बरंच काही पिकवलं.

दादाचं म्हणणं एकच होतं. "वाटे पडले की बाग मोडते. बापूंनी लेकरासारखी वाढवलेली बाग. ती अशीच्या अशी राहायची तर एकाच हातात पाहिजे." हे बोलताना त्याचा आवाज भरून आला होता आणि अक्कानं पदर डोळ्याला लावला होता. मलाही पटलं होतं. हडपसरला माझं शिवणकामाचं दुकान, नवऱ्याची नोकरी, पोरं शिकतायत. मला बाग कुठं कसायची होती? बाग राहिली, वर्षातून चार दिवस तिथं जाऊन बसता आलं, की झालं.

अक्काचं जरा वेगळं होतं. तिला दिली ती शेजारच्याच गावात. हंगामात ती पहाटे चालत यायची आणि बांधाकडच्या ओळींची अंजिरं स्वतः तोडायची. पाटीत पानं अंथरायची, त्यावर फळं लावायची आणि टेम्पोवाल्याकडं द्यायची. त्या ओळी बापूंनीच तिला लावून दिल्या होत्या, ती सासरी गेली त्याच्या पुढच्याच साली. नवऱ्याला न विचारता खर्चायला तिच्या हातात आयुष्यभर जे काही आलं, ते त्या पाट्यांमधून. आता सही झाल्यावर त्या ओळींचं काय, असं मी एकदा दादाला विचारलं होतं. "अक्काला कोण अडवतंय? तोडत जा की म्हणावं," असं तो म्हणाला, आणि अक्काला तेवढं पुरलं.

मला तिचा वैताग यायचा. कुणी काही म्हणो, ही होला हो. लहानपणी दादानं फोडलेल्या रांजणाचा मार हिनं खाल्लाय, आणि वर त्याला गूळ दिलाय. लोक तिला गरीब गाय म्हणायचे. मला वाटायचं, गायसुद्धा कधीतरी शिंग उगारते.

तर कचेरीतला आमचा नंबर दुपारचा होता. दादा म्हणाला, "वेळ आहे. जाता जाता एक छोटंसं काम उरकून घेऊ." ते छोटंसं काम म्हणजे हा चाकू. झाडं छाटायचा, घडीचा, खिशात मावेल असा.

"बागेलाही चालला पाहिजे आणि रोजच्यालाही," दादानं शेठला सांगितलं. हे वाक्य त्यानं त्या दिवशी जपासारखं म्हटलं.

"रोजच्याला म्हणजे कशाला रे?" मी विचारलं.

"अगं, पार्सल फोडायला, सफरचंद कापायला, दोरी तोडायला. एक चांगला चाकू खिशात असला की माणूस अडत नाही."

पुण्यात पाचव्या मजल्यावर राहणारा माणूस. वहिनी त्याच्यापुढं सफरचंद फोडी करून, बिया काढून, वाटीत ठेवते. त्याची कुठली दोरी तुटायची राहिली होती, देव जाणे.

पण अभ्यास म्हणाल तर दांडगा. महिनाभर तो इंटरनेटवर चाकूच बघत होता. शेठनं काउंटरवर एक जुनं पोतं अंथरलं आणि एकेक चाकू काढून त्यावर ठेवायला सुरुवात केली. लाकडी मुठीचे, प्लॅस्टिकच्या मुठीचे, सरळ पात्याचे, चोचीसारख्या बाकदार पात्याचे. दादा प्रत्येक उचलायचा, डोळ्याजवळ नेऊन उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा.

"ह्याचं पातं गंजणारं नाही, पण धार टिकणार नाही," तो आम्हाला समजावून सांगू लागला, जणू आम्ही दोघी परीक्षेला बसणार होतो. "हे साधं पोलाद. हे गंजतं, पुसून ठेवावं लागतं. पण धार अशी लागते की बघत राहावं. आता अंजिराला चीक असतो. चीक पात्यावर बसला की काय होणार?"

"काय व्हनार?" अक्कानं विचारलं. तिला खरंच कौतुक वाटत होतं.

"काळं पडणार. म्हणून रोज पुसायला पाहिजे."

बापूंनी जन्मभर एकाच चाकूनं बाग केली. तो चाकू कुठल्या पोलादाचा होता हे त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी विचारणाऱ्यालाच पाणी दिलं असतं, ऊन लागलंय म्हणून. तसा दादा बागेत उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा फारसा उतरलेला नव्हता. चिकानं अंगाला खाज सुटते म्हणायचा. अंजिराच्या पाट्या विकून बापूंनी त्याला शिकवला, आणि आता तो अंजिरावर व्याख्यान देत होता, तेही आयुष्यभर अंजीर तोडलेल्या बाईपुढं.

मग त्यानं पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. मला वाटलं कागदपत्रं असतील. आत निघाली अंजिराची फांदी, सकाळी बागेतनं मुद्दाम तोडून आणलेली. धार बघायला.

शेठनं डोक्याला हात लावला. "मी तीस वर्षं हे दुकान करतोय साहेब. गिऱ्हाईक फांदी घेऊन आलेलं पहिल्यांदा बघतोय."

"वस्तू पारखून घ्यावी शेठ. घाई कशाची आहे?"

तो एकेका चाकूनं फांदीचा तुकडा तिरका कापायचा आणि कापलेली बाजू उजेडात धरून बघायचा. साल सोलवटली का, दोरे निघाले का. काउंटरवर पांढऱ्या चिकाचे थेंब पडले. शेठ फडक्यानं पुसत होता आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणत होता. त्यात आमच्या खानदानाचा उल्लेख असणार, मला शंका नाही.

"मंदे, हा धर बघू. मूठ कशी बसतेय हाताला?" दादानं उघडा चाकू माझ्यापुढं केला.

"हातात देऊ नगंस," अक्का एकदम म्हणाली. "खाली ठेव आधी. तिला उचलू दे. चाकू हातात दिला की भांडणं व्हत्यात."

"अक्का, कुठल्या जमान्यात आहेस तू?"

"ठेव म्हणते ना खाली."

दादानं हसून ठेवला. मी उचलला. माझ्या हाताला दिवसभर कात्रीची सवय, मूठ कशी असावी हे मला कुणी शिकवायला नको. चाकू चांगला होता, पण मी म्हटलं, "बरा आहे." त्याला त्याहून जास्त द्यायची माझी तयारी नव्हती.

"बरा म्हणजे? अंगठा कुठं येतो? इथं खोलगट पाहिजे की नको?"

"दादा, चाकूच आहे. घे कुठलाही."

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की बिचारीला जग कळत नाही. "असं कुठलाही घेऊन चालत नाही मंदे. एकदा घेतला की जन्मभर तोच वापरायचा असतो. बघून, तपासून, दहा प्रश्न विचारून मगच घ्यायचा. फसवणारे टपलेलेच असतात." शेवटचं वाक्य तो शेठच्या देखत म्हणाला. शेठनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मला तहान लागली होती. पाण्याची बाटली गाडीत होती, म्हणून किल्ली घेऊन मी बाहेर गेले. गाडी समोरच उभी होती. मागच्या सीटवर बाटलीशेजारी एक पिशवी होती, आणि तिच्यातून साडीचा काठ डोकावत होता. आमच्याच साड्या त्या, हक्कसोडीच्या. माझा धंदाच कापडाचा, हात आपोआप गेला. दोन साड्या, एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या. घामट कापड, दोन धुण्यांत गोळे येणारं. फाटक्या वहाणेसारखा तो विटकरी रंग. अक्का सावळी, मी गोरी, ती साठीकडं झुकलेली, मी पंचेचाळिशीची. पण बहिणी त्या बहिणीच. ढिगातून दोन ओढल्या आणि पिशवीत कोंबल्या.

साडीचं मला एवढं लागलं नाही. खरंच नाही. मला हसूच आलं. म्हटलं, ह्या माणसानं साडीच्या दुकानात फांदी नेली नव्हती वाटतं.

बाटली घेऊन मी परत आले. अक्का एव्हाना दाराशी स्टुलावर टेकली होती आणि रस्त्यावर गवार विकणाऱ्या बाईकडं बघत होती. दादाची पाठ माझ्याकडं होती. पुढ्यात आता दोनच चाकू उरले होते. एक घडीचा, लाकडी मुठीचा. दुसरा बिनघडीचा, जाड, मुठीत पक्का बसवलेला. मी पाइपांच्या वेटोळ्याशेजारी उभी राहून पाणी प्यायला लागले.

"एक सांगा," शेठ म्हणत होता, "तुम्हाला खाचा पाडायच्यात का?"

अंजिराला खाचा पाडतात हे तुम्हाला माहीत नसेल. फांदीवर डोळा असतो, त्याच्या वरच्या अंगाला चाकूनं एक खाच घेतात. मग तो डोळा फुटतो, नवा फाटा येतो आणि फळ वाढतं. हंगामाआधी बागेत हे काम दिवसच्या दिवस चालतं.

"पाडायच्यात की," दादा म्हणाला. "छाटणीही आणि खाचाही."

"मग झाडं किती ते सांगा. मोठी बाग असली तर हा घडीचा नेऊ नका. दिवसभर दाबून दाबून ह्याची खीळ ढिली पडते, पातं डगमगतं. एका हंगामात माझ्या नावानं शिव्या द्याल. त्याला हा पक्का न्या. घडीचा आपला हौसेच्या झाडांना."

"मग घडीचाच द्या."

"अहो, पण तुमच्या वडिलांची बाग मला ठाऊक आहे. दोनशेच्या घरात झाडं असतील."

"आहेत. पण ठेवायची आठ-दहाच. विहिरीजवळची." दादा चाकू उजेडात फिरवत होता. "बाकीची काढणार. प्लॉट पाडायचेत. पार्टी बोलून ठेवलीय, नावाचं काम झालं की पुढच्या महिन्यात मशीन लावायचं. आपल्याला मध्ये एक छोटा बंगला, पुढं ही झाडं. शनिवार-रविवार यायचं, जरा छाटायचं, जरा बसायचं. तेवढ्याला हा बास आहे ना?"

"तेवढ्याला जन्मभर पुरेल," शेठ म्हणाला.

मी बाटली खाली घेतली. दादानं वळून बघितलं नाही. तो चाकू मिटून कानाजवळ धरत होता, खटका नीट बसतो का ऐकायला.

नंतर मी पुष्कळ विचार केला, की ह्यानं हे असं तोंड उघडून कसं सांगितलं. आम्ही दोघी तिथंच असताना. पण त्याचं अगदी सरळ होतं. आम्हाला खोटं सांगून त्याला बाग मिळत होती. शेठला खोटं सांगितलं असतं तर चुकीचा चाकू मिळाला असता. आणि चाकू चुकीचा घ्यायची त्याची तयारी नव्हती.

मी अक्काकडं बघितलं. ती गवारवालीकडंच बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. म्हटलं, झालं, हिनं काही ऐकलेलं नाही, आणि ऐकलं असतं तरी हिनं त्याला गूळच दिला असता.

दुकानात मी बोलले नाही. परक्या माणसापुढं भावाची अब्रू काढायची नाही, एवढं वळण आम्हाला होतं. दादानं चाकूला कातडी पिशवी आहे का विचारलं, ती पट्ट्याला अडकते का विचारलं, वर धार लावायचा दगड फुकट मागितला. शेठनं दिला. गिऱ्हाईक जाण्यासाठी माणूस काहीही देतो.

खोटं कशाला बोलू, चाकू त्यानं नामी निवडला होता.

कचेरीत गर्दी होती. दादा बाकावर बसून चाकू उघडत होता आणि मिटत होता. टक, टक. शेवटी शिपाई म्हणाला, "ओ, ते खिशात टाका. कचेरी आहे." दादानं टाकला, पण हात खिशातच ठेवला. अक्का नळावर तोंड धुवायला गेली तेव्हा मी त्याच्या शेजारी बसले.

"दादा, किती झाडं ठेवणार आहेस?"

"कुठली झाडं?"

"बागेतली. शेठला सांगितलंस ती."

तो हसला. "अगं ते दुकानदाराला. त्याला काय, सगळं खरं सांगत बसायचं असतं का?"

"म्हणजे त्याला खोटं सांगितलंस, आम्हाला खरं?"

"हे बघ मंदे, शब्दात पकडू नकोस."

"पार्टी कोण आहे?"

आता त्याचं हसू गेलं. "तुला काय करायचंय? तुला बाग कसायची आहे का? तू येतेस वर्षातून चार दिवस, अंजिरं खातेस आणि जातेस. बागेत मिळतं काय हल्ली? मजूर मिळत नाही, रोग पडतो. मी काय चोरी करतोय? बापूंची जागा, मी बापूंचा मुलगा."

"आम्ही कोण, शेजारी?"

"तुम्ही दिलेल्या पोरी. आपल्याकडं काय रीत आहे तुला माहीत आहे."

रीत होती, खरंच होती. पण रीत सांगताना त्यानं बाग वाचवायचं सांगितलं होतं, आणि गळा काढला होता. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मला समजतो. हा तर भांडं घेऊन आमच्याच म्हशीकडं आला होता, आणि वर रडून दाखवत होता.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

मला वाटलं तो भडकेल. तो भडकला नाही. त्यानं पाय लांब केले. "नको करूस. अक्का करेल. तिचा हिस्सा आणि माझा, दोन झाले. तुझा राहू दे एक. वाटणी मागशील तेव्हा रस्त्याकडचं आणि विहीर आमच्याकडं असेल. तुला डोंगराकडचा कोपरा देऊ, तिथं जाऊन शिवणकाम कर. आणि एक सांगतो, भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नकोस."

हे तो आवाज न चढवता म्हणाला, चाकूचं पातं समजावून सांगावं तसं. म्हणजे सगळं येऊन थांबलं होतं अक्काच्या सहीवर. तिनं सही केली की बाग गेली, माझ्या नकाराला वाळल्या पानाची किंमत नव्हती.

अक्का पदरानं तोंड पुसत आली. मी उठून तिला भिंतीकडं घेतलं. "अक्का, ऐक. दादा बाग ठेवणार नाहीये. त्यानं..."

"गप मंदे," ती म्हणाली. "इथं नगं. भाऊ हाय तो."

"अगं पण ऐक तरी."

"चारचौघांत तोंड उघडू नगंस म्हणते ना." आणि ती जाऊन दादाच्या शेजारी बसली. दादानं तिला पिशवीतलं केळं दिलं. तिनं सोलून खाल्लं. मला त्या वेळी तिची इतकी चीड आली की वाटलं, जाऊ दे, पाडू दे प्लॉट. ज्यांना आपलं जातंय ते कळत नाही त्यांचं जायलाच पाहिजे.

नाव पुकारलं गेलं. आम्ही आत गेलो. टेबलामागं एक बाई अधिकारी होत्या, चाळिशीच्या, सर्दी झालेल्या. त्यांनी कागद पुढं ओढले. थोरली म्हणून अक्काचा पहिला नंबर.

"शेवंता ज्ञानोबा काळाणे तुम्ही?"

"व्हय."

"दस्त वाचलात का? तुमचा हिस्सा तुम्ही भावाला सोडताय. स्वखुशीनं सोडताय ना?"

"हो हो, सगळं समजावलंय तिला," दादा म्हणाला.

"मी त्यांना विचारलं," बाई म्हणाल्या आणि नाक पुसलं.

अक्कानं कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला. पदरानं दोन्ही काचा पुसल्या, कानामागं नीट अडकवला, आणि कागदावर वाकली. दादानं सहीची जागा बोटानं दाखवली, पेन तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. तिला सही करताना मला बघायचं नव्हतं.

"बाई," अक्काचा आवाज आला, "माजा चष्मा घरी ऱ्हायलाय."

मी वळले. चष्मा तिच्या नाकावर होता.

"अक्का," दादा म्हणाला, "चष्मा लावलायस तू."

अक्कानं हात लावून बघितला. "ह्यो? ह्यातनं काय दिसत न्हाई."

"अगं, काल ह्यातूनच तू..."

"न्हाई दिसत भानू. काळं काळं दिसतंय निस्तं. आन् वाचल्याबिगर सही कशी करावी मानसानं?"

"मी वाचून दाखवतो ना."

"नगं," अक्का म्हणाली, आणि त्याच्या दंडावरून हात फिरवला, अगदी मायेनं. "सकाळधरनं तू लई समजावून सांगितलंस. दमला असशील."

दादानं बाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याचा चेहरा उतरला होता. अधिकारी बाईंनी अक्काच्या नाकावरच्या चष्म्याकडं बघितलं, अक्काच्या डोळ्यांकडं बघितलं, आणि कागद गोळा केले.

"जबरदस्ती नाही," त्या म्हणाल्या. "चष्मा सापडला की या. पुढचे कोण?"

अक्कानं पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं आणि उठली. दादा तिथंच उभा राहिला. आम्ही दोघी बाहेर पडलो, त्याच्या गाडीकडं बघितलंसुद्धा नाही आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागलो. उन्हाचा कडाका होता. अक्का माझ्यापुढं चालत होती, आणि मला तिला गाठायला पावलं उचलावी लागत होती. चष्मा अजून तिच्या नाकावरच होता. वाटेतला खड्डा तिनं बरोबर चुकवला.

पुलाजवळ ती थांबली.

"विहिरीजवळची आठ-धाच ठेवनार म्हनला न्हवं त्यो?"

मी नुसती मान हलवली.

"म्हंजी माज्या वळीतलं एकबी न्हाई," अक्का म्हणाली, आणि पुन्हा चालायला लागली.

दादानं नंतर माणसं पाठवली, वकील पाठवला, वहिनीला पाठवलं. प्रत्येकाला अक्का चहा करून द्यायची आणि एकच उत्तर द्यायची. ह्याला आता बरीच वर्षं झाली. बाग आहे तिथंच आहे. अक्काचा चष्मा अजून सापडलेला नाही.